भुरीच्या डॉक्टरांस, तिच्या ताटलीविषयी

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

भुरीच्या आहाराविषयी आपण आम्हाला जे शिकवले, त्याबद्दल आपले आभार तोंडी अनेकदा मानले आहेत. तरीही ते लिहून आणि सर्वांसमक्ष मानावेत, असे बरेच दिवस मनात होते. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक घराला त्याला काय खाऊ घालावे हा प्रश्न पडतो आणि त्याची उत्तरे चहूबाजूंनी, मोठ्या आत्मविश्वासाने मिळत असतात. कुणी फक्त मांस द्या म्हणते, कुणी धान्य अजिबात नको म्हणते, कुणाला घरच्या अन्नाशिवाय दुसरे काही पटत नाही, तर कुणी घरच्या अन्नाचे नावही काढू देत नाही. आपण मात्र पहिल्या भेटीत कोणत्याही खाद्याचे नाव घेण्याआधी भुरीला तपासणीच्या टेबलावर उभे केले, माझा हात तिच्या बरगड्यांवर ठेवला आणि काय लागते ते सांगायला लावले.

ती परीक्षा आता आमच्या घरात सगळ्यांना येते. हात सपाट धरून त्याच्या पाठीवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवली की आतली हाडे जितकी जाणवतात, तितक्याच बरगड्या जाणवायला हव्यात. मिटलेल्या मुठीच्या सांध्यांसारख्या टोचल्या तर कुत्रा हडकुळा झाला आहे आणि तळहातावरच्या गादीसारख्या दबून गेल्या तर तो लठ्ठ झाला आहे, असे समजायचे. वरून पाहिल्यास कंबर दिसावी, बाजूने पाहिल्यास पोट वर ओढलेले असावे. नऊ अंकांच्या शरीरस्थिती मापनात ४ किंवा ५ हा अंक योग्य धरतात, हेही आपण तेव्हाच सांगितले होते. खाद्याची निवड पाकिटापासून नव्हे, तर कुत्र्यापासून सुरू करायची, ही आपली शिकवण मला त्यानंतरच्या प्रत्येक निर्णयात उपयोगी पडली.

किती द्यायचे हा प्रश्न काय द्यायचे याच्या आधी का घ्यावा, हे पटवण्यासाठी आपण लॅब्रॅडॉर कुत्र्यांवरच्या एका दीर्घ अभ्यासाची माहिती दिली होती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४८ कुत्र्यांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान (गटातले निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगले ते वय) १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले; शिवाय सांधेदुखीसारखे त्रासही पहिल्या गटात उशिरा सुरू झाले. दोन्ही गटांचे खाद्य एकच होते, यावर आपण दिलेला भर मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ज्या वेळी आम्ही निरनिराळ्या पाकिटांवरच्या दाव्यांची तुलना करण्यात गुंतलो होतो, त्या वेळी आपण आमचे लक्ष मापाकडे वळवले.

आपण कागदावर मांडून दिलेले गणित मी अजून जपून ठेवले आहे. भुरीचे वजन १२ किलो. बाराचा घन केला की १७२८ येतात. त्याचे वर्गमूळ काढायचे, आलेल्या उत्तराचे पुन्हा वर्गमूळ काढायचे आणि जे सुमारे ६.४५ येते त्याला ७० ने गुणायचे. म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराला दिवसाला साधारण ४५० किलोकॅलरी लागतात. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याची १.६ पट धरली की ७२० च्या आसपास आकडा येतो. तिच्या कोरड्या खाद्याच्या शंभर ग्रॅममध्ये ३६० किलोकॅलरी असल्याने हिशेबाने २०० ग्रॅम द्यायला हवे; पण दिवसभरात बक्षीस म्हणून मिळणाऱ्या चिमुकल्या घासांसाठी एकूण उष्मांकांपैकी जास्तीत जास्त दहावा हिस्सा राखून ठेवला, की ताटलीत १८० ग्रॅमच उरते. हा आकडा केवळ सुरुवातीचा असून एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांची गरज बरीच वेगळी असू शकते, त्यामुळे शेवटचा निर्णय वजनकाट्याने आणि बरगड्यांवरच्या हाताने करायचा, हे आपण बजावून सांगितले. कपाने मोजण्याऐवजी स्वयंपाकघरातल्या काट्यावर खाद्य तोलून घ्या, हा आपला आग्रहही रास्त होता. कप किती दाबून आणि किती शिगोशीग भरला यावर माप सहज बदलते.

पाकिटावरचे लेबल वाचायला आपण शिकवले, त्याबद्दल तर मी आपली कायमची ऋणी आहे. एका डब्यातल्या ओल्या खाद्यावर प्रथिने ८ टक्के आणि कोरड्या खाद्याच्या पाकिटावर २६ टक्के असे छापलेले पाहून कोणीही दुसऱ्यालाच सकस म्हणेल. आपण दोन्हींतले पाणी वजा करायला लावले. ओल्या खाद्यात ७८ टक्के पाणी असेल तर उरलेल्या २२ भागांत ८ भाग प्रथिने, म्हणजे ३६ टक्के होतात. कोरड्या खाद्यात १० टक्के पाणी असेल तर तेच प्रमाण सुमारे २९ टक्के भरते. प्रौढ कुत्र्यासाठी अमेरिकेतील पशुखाद्य नियामकांच्या संघटनेने ठरवलेले किमान प्रमाण, पाणी वगळून, १८ टक्के आहे आणि वाढत्या पिल्लासाठी २२.५ टक्के. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि त्या वजनात पाणीही धरलेले असते. त्यामुळे यादीत ताजे मांस पहिले आले म्हणून खाद्यात मांसच सर्वाधिक आहे असे ठरत नाही, हे मला आपल्याकडूनच समजले. पाकिटाच्या दर्शनी बाजूवरची मोठी अक्षरे सोडून मागच्या बारीक अक्षरांत ‘संपूर्ण आणि संतुलित’ हे शब्द आहेत का आणि ते कोणत्या वयासाठी आहेत, एवढे आधी शोधायचे, हा नियम मी आता इतरांनाही सांगते.

वयाचा हा मुद्दा मोठ्या जातींच्या पिल्लांच्या बाबतीत किती गंभीर असतो, हे आपण माझ्या मैत्रिणीला समजावले तेव्हा मी शेजारी होते. हाडे बळकट व्हावीत म्हणून संतुलित खाद्यावर वरून कॅल्शियमची पावडर घालणे तिला साहजिक वाटत होते. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम पुरेसे अडवता येत नाही आणि त्यामुळे हाडांची वाढच बिघडू शकते, हे आपण तिला न दुखावता सांगितले. तिच्या वतीनेही हे आभार.

आमच्या सासूबाईंना भुरीसाठी स्वतः रांधायचे होते, तेव्हा आपण त्यांची इच्छा झटकून टाकली नाही, हे मी विसरणार नाही. शिजवून देणे वाईट नाही, पण ते अंदाजाने करण्याचे काम नाही, असे आपण त्यांना सांगितले. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असते. कुत्र्याला मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान बरोबरीने आणि फार तर दुप्पट लागते. नुसत्या मांसावर ठेवलेल्या कुत्र्याचे शरीर ती तूट स्वतःच्या हाडांतून भरून काढते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरगुती पद्धतीच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत एखादे तरी आवश्यक पोषक द्रव्य कमी पडत होते. म्हणून आपण पशुआहारतज्ज्ञांकडून ग्रॅममध्ये मापे दिलेली पाककृती, पूरक खनिजांसह, करवून घेतली. सासूबाई आजही आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ती तंतोतंत पाळून रांधतात आणि भुरी पातेल्याखालचा गॅस बंद होण्याआधीच दाराशी येऊन बसते.

धान्याबद्दलची भीतीही आपणच घालवली. लांडग्यात स्टार्च पचवण्यासाठी लागणाऱ्या एका जनुकाच्या दोनच प्रती असतात, तर माणसाळलेल्या कुत्र्यात त्या बहुधा कितीतरी अधिक आढळतात, असे २०१३ च्या जनुकीय संशोधनातून दिसले. म्हणजे शिजवलेले धान्य कुत्र्याच्या शरीराला परके नाही. धान्यविरहित आणि डाळी-वाटाण्यांचा भरणा असलेल्या काही खाद्यांचा हृदयाच्या स्नायूंच्या विकाराशी संबंध आहे का, याची तपासणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये जाहीर केली होती. तो कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, हेही आपण तितक्याच स्पष्टपणे सांगितले. बाजू न घेता पुरावा जितका आहे तितकाच सांगणारा सल्लागार मिळणे दुर्मीळ आहे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या हस्ताक्षरातली यादी आमच्या फ्रिजच्या दारावर आहे: चॉकलेट, द्राक्षे व बेदाणे, कांदा, लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेला कोणताही पदार्थ, कच्ची फुगलेली कणीक आणि शिजवलेली हाडे. पाहुणे आले की ती त्यांना आधी दाखवली जाते. खाद्य बदलताना सात ते दहा दिवस जुन्यात नवे थोडे थोडे वाढवत न्यायचे, ही सूचनाही त्याच कागदाच्या तळाशी आहे.

आपल्या दवाखान्यात खाद्याची पाकिटे विक्रीला असूनही आपण त्यांतले एकही आमच्या हाती दिले नाही. तिला मानवणारे, वयाला योग्य आणि आम्हाला सातत्याने मिळणारे खाद्य निवडा, असे सांगून निवड आमच्यावर सोपवली आणि ती करता येईल इतके ज्ञान दिले. बाहेर इतर रुग्ण ताटकळत असताना एका ताटलीसाठी एवढा वेळ देणाऱ्या आपल्याला आणि प्रत्येक वेळी भुरीला शांतपणे काट्यावर उभे करून वजन लिहून घेणाऱ्या आपल्या सहायकांना आम्हा सर्वांचे मनःपूर्वक धन्यवाद.

भुरी आता उतारवयाकडे झुकली आहे. वय झाले म्हणून केवळ तेवढ्याच कारणाने प्रथिने कमी करायची नाहीत, आधी रक्त आणि लघवी तपासून मूत्रपिंडांची स्थिती पाहायची, असे आपण मागेच सांगून ठेवले आहे. त्याप्रमाणे पुढच्या महिन्यात तिच्या वजनांची वही घेऊन आम्ही येत आहोत.

आपली कृतज्ञ,
भुरीच्या घरची थोरली सून