वहिनी, आधी पाणी ठेवायला शिकवलंत त्याबद्दल

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितोय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण कामावरून दमून आल्यावर अर्ध्या तासात घरच्यांसमोर काहीतरी गरम, भाज्यांनी भरलेलं वाढायची जबाबदारी काही माझ्या एकट्यावर नाही. तुम्ही मला जे दिलंत ते अशा प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

हिच्या कामाची वेळ बदलली आणि बऱ्याच संध्याकाळी स्वयंपाक माझ्याकडे आला. तेव्हा मी तुमच्याकडे पास्त्याची एक कृती मागितली होती. मांस-मासे नकोत, भाज्या भरपूर हव्यात, मुलांनी खायला हवं, आईला चावता यायला हवं आणि झटपट व्हायला हवं, एवढ्या माझ्या अटी. तुम्ही साहित्याची यादी पाठवली नाहीत. तुमचं पहिलं वाक्य होतं, "भावोजी, चपला काढल्या की आधी पाणी ठेवा. भाजी कोणती करायची ते नंतर ठरवू."

त्या एका वाक्यावर आमच्या संध्याकाळी उभ्या आहेत. सगळ्यांत जास्त वेळ पाण्याला उकळी यायलाच लागतो आणि तेवढ्या वेळात चिराचिरी होऊन जाते. पुढे पास्ता शिजायला आकारानुसार ८ ते १२ मिनिटं लागतात, तेवढ्यात शेजारच्या कढईत भाज्या होतात. म्हणजे भाज्यांसाठी वेगळा वेळ काढावाच लागत नाही. तुम्ही हे फोनवर इतक्या शांतपणे सांगत होतात, की स्वयंपाकघरात घड्याळाकडे बघून छातीत धडधडणं माझ्या वाट्याला आलंच नाही.

पाण्याच्या बाबतीत तुम्ही नेमकं बोललात. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ हा इटलीतला रूढ अंदाज. पण आपल्याला घाई आहे, तेव्हा ४०० ग्रॅमला अडीच लिटर पुरे, फक्त पहिली दोन मिनिटं ढवळणं सोडायचं नाही. पाणी कमी म्हणजे उकळी लवकर, आणि त्यात उतरलेला स्टार्च, म्हणजे पास्त्याच्या पिठाची खळ, तीही दाट. पातेल्यावर झाकण ठेवायचं, पण पास्ता पडला की काढायचं, नाहीतर फेस उतू जातो. मिठाचं मात्र तुम्ही आईचा रक्तदाब लक्षात ठेवून कमी करायला सांगितलंत. पास्ता अळणी शिजला तर वरून घातलेलं मीठ आत शिरत नाही, म्हणून थोडं का होईना, पाण्यातच घालायचं. ही कसरत इतक्या बारकाईने दुसऱ्या कुणी सांगितली नसती.

पाण्यात तेल घालायचं का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, तेल वर तरंगतं, पास्ता खाली असतो, मग ते लागणार कसं? चिकटतो तो सुरुवातीला, बाहेरचा स्टार्च फुगून खळ सुटते तेव्हा, आणि त्यावर इलाज ढवळण्याचाच. पास्ता चाळणीत ओतून गार पाण्याने धुवायचा का, यावरही तुम्ही तितक्याच ठामपणे नाही म्हणालात. थंड सॅलडसाठी धुतला तर ठीक, पण गरम जेवणासाठी धुतला की सॉस धरून ठेवणारा थर वाहून जातो.

आता त्या गढूळ पाण्याबद्दल. पास्ता उपसण्याआधी दोन वाट्या पाणी काढून ठेवायला तुम्ही सांगितलंत, तेव्हा त्याचं काय करायचं ते मला कळलं नव्हतं. मग तुम्ही व्हिडिओ कॉलवर दाखवलंत. कढईत ऑलिव्ह तेल, लसूण, भाज्या. त्यात पाकिटावरच्या वेळेच्या दीड-दोन मिनिटं आधी उपसलेला, मधोमध अजून कणी असलेला पास्ता. वर अर्धी वाटी ते पाणी, आणि मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं जोरात हलवणं. तेल आणि पाणी एरवी एकमेकांपासून फटकून असतात. स्टार्च त्या दोघांना धरून ठेवतो आणि बघता बघता सगळं मिळून येतं. क्रीम नाही, मैदा नाही, तरी प्रत्येक तुकड्यावर चकचकीत, दाटसर रस. पास्ता उरलेलं शिजणं त्या रसातच पूर्ण करतो, म्हणून चव आतपर्यंत जाते. ताटलीत पास्ता घेऊन वर सॉस ओतणं आणि हे, यांत किती फरक आहे ते मुलांनीही पहिल्याच घासाला ओळखलं.

भाज्यांच्या बाबतीत मी तुमचा सगळ्यांत जास्त ऋणी आहे. कारण 'मिक्स भाज्या घाला' एवढंच लिहून बाकीचे मोकळे होतात. तुम्ही प्रत्येक भाजीचा स्वभाव सांगितलात. ब्रोकोलीचे तुरे पास्ता व्हायला तीन-चार मिनिटं उरली की त्याच पातेल्यात टाकायचे, देठ सोलून पातळ काप करून त्यांच्याबरोबरच. वेगळं भांडं नाही, वेगळी वाफ नाही. फ्रोझन मटार गोठवण्याआधीच गरम पाण्यातून काढलेले असतात, त्यांना शेवटचं मिनिटभर पुरतं. गाजर चिवट, म्हणून त्याचे पातळ, तिरके काप आधी कढईत. ढोबळी मिरची आणि झुकिनी मोठ्या आचेवर, पसरट कढईत, एकावर एक न चढवता, कारण गर्दी झाली की भाज्या परतल्या न जाता स्वतःच्याच पाण्यात वाफवतात. पालक चिरून शेवटी, गॅस बंद केल्यावर. पास्त्याच्या उष्णतेनेच तो बसतो.

मशरूमची गोष्ट तर मी आता भेटेल त्याला सांगतो. त्यात ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं. ते आधी सुटू द्यायचं, मग आटू द्यायचं, आणि त्यानंतरच त्याला रंग चढतो. त्या चार-पाच मिनिटांत सारखा झारा फिरवायचा नाही. थोरलीला मशरूमचा बुळबुळीतपणा आवडत नाही हे कळल्यावर तुम्ही ते अगदी बारीक चिरून खरपूस करायला सांगितलंत. आता त्यांचा तुकडा तिच्या जिभेला जाणवत नाही आणि चव मात्र येते. टोमॅटो आणि मशरूम या दोघांत नैसर्गिक ग्लुटामेट असतं, मांसाशिवायच्या जेवणाला जो भरीव स्वाद लागतो तो तिथून येतो, हे तुम्हीच समजावलंत.

लसणाबद्दलही एक गोष्ट. ठेचून न घेता काप करायचे, गार तेलात घालायचे आणि मग आच लावायची, तीही मंद. कडेने बारीक बुडबुडे आले, वास सुटला, की लगेच टोमॅटो. लसूण तपकिरी झाला की कडू होतो आणि तो कडूपणा कशानेही झाकत नाही. लिंबू पिळायचं ते ताटात वाढताना. हिरव्या भाजीवर आंबट पडून ती शिजत राहिली की हिरवा रंग जाऊन मळकट होते. रंगाचं एवढं काय, असं कुणाला वाटेल, पण धाकट्याच्या बाबतीत सगळा निकाल रंगावरच लागतो.

चीजबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते शाकाहारी घरांपर्यंत पोहोचायलाच हवं, म्हणून इथे मुद्दाम सविस्तर लिहितो. अस्सल पार्मिजानो रेज्जानो करताना दूध विरजायला वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, वापरतात. नियमाने तेच वापरावं लागतं. ग्राना पादानोचंही तसंच, आणि पेकोरिनो रोमानोला कोकराचं. म्हणजे ताटात मांसाचा तुकडा नाही म्हणून ते जेवण सगळ्यांनाच चालेल असं नाही. सूक्ष्मजीवांपासून किंवा वनस्पतींपासून मिळवलेल्या रेनेटने केलेली कडक चीज मिळतात, वेष्टनावर तसं लिहिलेलं असतं, ते वाचायचं. आई शुद्ध शाकाहारी. तिच्या ताटात काय जातंय हे तिला विश्वासाने सांगता यावं, याची काळजी तुम्ही माझ्या आधी केलीत. वहिनी, हे मी विसरणार नाही. आणि चीज नसेल त्या दिवशी पावाचा चुरा थोड्या तेलात, लसणाबरोबर सोनेरी करून वरून भुरभुरायचा, दक्षिण इटलीत असंच करतात, हेही तुम्हीच सांगितलंत. मुलांना तो कुरकुरीतपणा चीजपेक्षा जास्त आवडतो. चीज घालायचं झालंच तर गॅस बंद करून, नाहीतर त्याच्या गुठळ्या होतात.

आईचा दुसरा प्रश्न होता, नुसत्या पास्त्याने पोट कसं भरणार? तुम्ही तिच्याशी स्वतः बोललात. १०० ग्रॅम सुक्या पास्त्यात १२-१३ ग्रॅम प्रथिनं असतात, पण गव्हात लायसिन, म्हणजे प्रथिनांमधला एक आवश्यक घटक, कमी पडतं, आणि ती उणीव कडधान्यं भरून काढतात. म्हणून आता शिजवलेले काबुली चणे किंवा पांढरे राजमे वाटीभर तयार असतातच. निम्मे अख्खे घालतो, निम्मे पळीने ठेचून रसात मिसळतो, त्याने रसही आळतो. पास्ता घेताना ड्युरम, म्हणजे कडक जातीच्या गव्हाचा रवा लिहिलाय का ते बघतो. इटलीत तर १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता याच रव्याचा करायचा असं ठरवून दिलंय. या गव्हातली प्रथिनं स्टार्चला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे मिनिट-दीड मिनिट इकडेतिकडे झालं तरी लगदा होत नाही. स्वयंपाक करता करता मुलांच्या अभ्यासाकडेही लक्ष द्यावं लागतं, अशा माणसाला हा फार मोठा दिलासा आहे. आकारही आता विचार करून निवडतो. भाज्यांचे तुकडे असले की पेने नाहीतर फुसिली, ज्यांच्या पोकळीत आणि वळणांत मटार, चणे अडकून राहतात. नुसता लसूण-तेलाचा बेत असला तर स्पॅगेटी.

एकाच पातेल्यातून चौघांच्या चार तऱ्हा कशा सांभाळायच्या, हेही तुम्ही दाखवलंत. आईला मऊ लागतं, म्हणून तिचा वाटा पातेल्यात आणखी तीन मिनिटं राहतो आणि तिच्या भाज्या लहान चिरलेल्या असतात. धाकट्यासाठी ढोबळी मिरची टोमॅटोतच शिजवून घोटून घेतो. मी पास्ता टणकच खातो. ही उशिरा येते, तिच्यासाठी भाज्यांचा रस वेगळा काढून ठेवतो आणि मूठभर पास्ता ती आल्यावर ताजा टाकतो. पातेल्यातलं पाणी थोडंसं राखून ठेवलेलं असतंच. तिला शिळं, कोरडं, एकमेकांना चिकटलेलं जेवण एकदाही मिळालं नाही याचं मला मनापासून समाधान आहे. त्याचं श्रेय तुमचं.

माझ्या प्रत्येक 'कसं'ला तुम्ही आधी 'का' सांगितलंत. कारण कळलं की घरात असेल त्या भाजीवर काम भागतं. झुकिनी नाही तर फरसबी, पालक नाही तर कोबी. यादी हातात असती तर मी एका नसलेल्या भाजीपाशी अडून बसलो असतो. दिवसभर कामात असूनही माझा फोन तुम्ही कधी टाळला नाहीत, 'हे एवढं साधं आहे' असं कधी म्हणाला नाहीत, आणि मी केलेल्या पहिल्या पास्त्याचा फोटो तुम्ही दादाला दाखवलात हे त्याने मला सांगितलं. फार बरं वाटलं.

मनापासून आभार, वहिनी. दादालाही नमस्कार सांगा, आणि मुलांना आशीर्वाद.

तुमचा
धाकटा दीर

ता. क. : थोरली आता चिराचिरीला माझ्याबरोबर उभी राहते. तिला हाताने केलेला पास्ता शिकायचाय, आणि आईसाठी तो बिनअंड्याचा हवा. ड्युरमचा रवा आणि कोमट पाणी एवढ्यावर ऑरेकिएते होतात, अंगठ्याने दाबून वाट्यांचा आकार द्यायचा, असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. पीठ किती घट्ट मळायचं आणि किती वेळ झाकून ठेवायचं, ते तिला तुम्हीच सांगा. रविवारी सकाळी फोन करू का?