चुरा आधी कोरडा कर

सोलापूर,
सोमवार

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुला सलाईन लागलं हे मला तुझ्या खोलीवरच्या पोराकडून कळावं, यावर या पत्रात एक शब्द लिहिणार नाही. तू विचारलंस तेवढंच सांगते. ब्रेडक्रम्सचा, म्हणजे पावाच्या चुऱ्याचा, पुडा अर्धा उघडा पडलाय, ब्रेडच्या कडाही साठल्यात, टाकवत नाहीत, त्यांचं काय करू, असं विचारलंस. बरं.

आधी सगळं ताटात पसरून उजेडात बघ. हिरवा-पांढरा ठिपका, जाळी किंवा कुबट वास, यातलं एक जरी असलं तरी सगळं टाकून दे. वरचं काढून खालचं वापरू, हे धंदे नकोत. ब्रेड सच्छिद्र असतो, बुरशी दिसते त्याच्यापेक्षा आत गेलेली असते, आणि भाजल्यानं तिचं विष जातंच असं नाही. तुझं पोट नेमकं कशानं बिघडलं ते डॉक्टर बोलले का? मला कुणी सांगितलं नाही. असो.

चुरा चांगला असेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सात-आठ मिनिटं हलवत राहा. रंग यायला नको, ओल जायला हवी. बोटांत चोळून मोकळा सुटला की उतरव. कडा तव्यावर कडक कर, पूर्ण गार होऊ दे आणि मग मिक्सरला थांबत थांबत फिरव. गरम फिरवल्यास वाफ धरते आणि तळाला लगदा बसतो. गोड पावाचा चुरा वेगळा ठेव, साखरेमुळे तो लवकर करपतो.

सध्या तळलेलं नको. दुधीचं सूप कर, वाटीभर सुपाला दोन चमचे चुरा घाल आणि दोन मिनिटं उकळ. चुरा सावकाश फुगतो. पातळ दिसतंय म्हणून लगेच तिसरा चमचा टाकलास तर पाच मिनिटांत मागावरच्या सुताला लावायची खळ होईल.

ढोबळी मिरचीला बेसनाऐवजी चुरा पेरता येतो, पण बेसन कच्चं असतं, त्याला झाकण ठेवून वाफ द्यावी लागते. चुरा भाजलेलाच असतो, तो गॅस बंद करताना घालायचा. आधी घातलास तर मिरचीचं पाणी पिऊन त्याचे गोळे होतात. पाव किलो मिरचीला पाव वाटी चुरा आणि दोन चमचे शेंगदाण्याचं कूट पुरे. भरल्या वांग्यात मात्र कूट काढून चुरा घालायचं मनातही आणू नकोस. कुटाला तेल सुटतं, चुरा उलट तेल पितो. नाना ते ताट सरकवून देतील.

लहानपणी ताप आला की गोधडीत तोंड खुपसायचास आणि विचारलं की "झोप येतीय" म्हणायचास. गड्ड्याच्या जत्रेत पाय मुरगळला होता, तरी पाळण्यात बसून आलास आणि रात्री सूज बघून अक्का ओरडल्या. एकटं राहायचं तर आपलं दुखणं आपल्या तोंडानं सांगायला शिकावं लागतं. दोन शब्दांचा मेसेज करायला किती वेळ लागतो रे? बघ, सुरू झालं माझं. रागावू नकोस.

कटलेट डॉक्टर हो म्हणाले की मगच. अर्धा किलो बटाटे सालासकट उकड, पण फुटू देऊ नकोस, पाणी शिरतं. गार झाल्यावर किस. अर्धी वाटी चुरा बाजूला घे आणि चमचा-चमचा मिसळ. गोळा हाताला चिकटायचा थांबला की बास, उरला तर उरू दे. जास्त झाला की कडांना भेगा पडतात. वरून अंडं नाही, म्हणून मैदा आणि कॉर्नफ्लॉवर सारखे घेऊन, चमच्याच्या पाठीवर थर राहील इतकं पाणी घाल. त्यात बुडवून चुऱ्यात घोळव आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, नाहीतर थर तेलात सुटतो. तेलात चुऱ्याचा कण टाक. तळाला बसून राहिला तर तेल थंड आहे, टाकताच काळा पडला तर आच मोठी. एका वेळी चारच सोड. खालची बाजू धरल्याशिवाय झारा लावू नकोस.

घोळवून ताटात उरलेला ओला चुरा परत बरणीत जाता कामा नये, अख्खी बरणी नासते. त्याच संध्याकाळी थालीपिठात मळून टाक.

शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेसनं शेजारचा गणेश येतोय. त्याच्याकडे शेंगाची चटणी आणि अक्कांच्या कडक भाकऱ्या देते. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या आहेत. तुकडे झाले तर चुरा करून ब्रेडच्या चुऱ्यात निम्मा मिसळ, वरचा थर कुरकुरीत होतो. आत घालू नकोस, ज्वारीला चिकटपणा नाही, कटलेट फुटेल. तू पहिल्या पगारातून आणलेलं लुगडं अक्का नेसल्यात, साऱ्या गल्लीला सांगून झालंय.

डॉक्टरांच्या कागदाचा फोटो पाठव. दोन्ही बाजूंचा.

तुझी आई

ता. क. बरणीवर तारीख लिही. बाहेर महिनाभर ठेव, त्याहून जास्त ठेवायचा तर फ्रीझरमध्ये. ओला चमचा घालायचा नाही.