गावभागातल्या टीव्हीवाल्या काकांस

ती. काका,
सा. न. वि. वि.

घड्याळ चालू झालं. सूर्योदयाला शून्यावर येतं, मग बाहेरच्या वर्तुळात दर २४ मिनिटांनी एक दिवा वाढतो, आतल्या वर्तुळात दर २४ सेकंदांनी. दुकानात येऊन आभार मानले असते तर तुम्ही "चहा घे" म्हणून विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: आपल्या जुन्या मोजणीत दिवस उदयापासून उदयापर्यंत. त्याच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं. लग्नात पाण्यावर सोडायचे ते घटिकापात्र हीच २४ मिनिटं मोजायचं. मला ते दिव्यांनी दाखवायचं होतं, तेही सांगलीच्या उदयावर. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून आपण जवळजवळ आठ अंश पश्चिमेला, त्यामुळे इथला मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांनी होतो. याचा उपयोग काय, असं प्रत्येकानं विचारलं. तुम्ही नाही.

तुम्ही विचारलंत ते वेगळंच. टीव्हीचा बोर्ड उलटा करून बसला होतात, मान वर न करता म्हणालात, "आणि उद्याचा सूर्य उशिरा उगवला तर? साठ घटका संपल्या, आता घड्याळ काय करणार?" खरंच, जूनपासून जानेवारीपर्यंत आपल्याकडे उदय रोज थोडा पुढे सरकतो, नोव्हेंबरात तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास. हा पळभर वेळ कुठल्याच घटिकेत बसत नाही. मी गणित मांडायला लागलो, तर तुम्ही म्हणालात, "गणित राहू दे रं. सगळे दिवे पेटव आणि थांब. सूर्य आला की विझव." तसंच केलंय. फेब्रुवारी ते मे उलटं, शेवटचं पळ पुरं व्हायच्या आतच शून्य.

१२० दिव्यांसाठी मी १५ शिफ्ट रजिस्टर, म्हणजे आठ-आठ दिवे चालवणारे आयसी, धरले होते. त्यावर काट मारून तुम्ही दोन मॅक्स ७२१९ लिहिलेत, हे खास दिवे चालवायचेच आयसी. एक आयसी ६४ दिवे सांभाळतो, काम भागलं. मोटर सुरू झाली की दिवे वेडेवाकडे लागायचे, तेव्हा आयसींच्या पायांना अगदी चिकटून विजेचे झटके शोषायला १०४ नंबरचे (०.१ मायक्रोफॅरडचे) कपॅसिटर लावलेत, शेजारी १० मायक्रोफॅरडचे. आणि ती सेलची भानगड! वेळ राखणाऱ्या डीएस ३२३१ चिपच्या स्वस्त मोड्यूलवर सेल चार्ज करायची वाट ठेवलेली असते, आणि आपण त्यात बसवतो सीआर २०३२ हा बटणासारखा सेल, जो चार्ज करायचा सेलच नव्हे. तुम्ही भिंग लावलंत, सोल्डरिंग गनचं टोक टेकवलंत आणि कणीएवढा रेझिस्टर उडवून टाकलात. "आता सेल फुगायचा नाही." विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं.

दिवे बसवायला मिरजेला सतारमेकरांकडे जाऊन तंबोऱ्याला न चाललेला भोपळा मागायचा, हेही तुमचंच डोकं. भोकं पाडताना आतून चिकटपट्टी लावली, त्यामुळे कडा उडाल्या नाहीत. पाहुणे आधी भोपळ्याकडेच बघतात.

रात्री उजेड डोळ्यावर येतो म्हणून आई कुरकुरते. मॅक्समध्ये उजेडाच्या सोळा पायऱ्या आहेत, तेवढं जमवतो. पैसे तुम्ही घेणार नाही, पण तुमच्या डब्यातले कपॅसिटर संपवले ते भरून आणलेत. शनिवारी येतो.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
घटकावाला