आबांची फियाट

नागपूर, सोमवार

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी रात्री अकराला तू निघालास, त्यानंतर मी झोपलो नाही. हे सांगायचं नव्हतं. सकाळी तुझं ‘पोचलो’ आलं, तरी घरात बसवेना, म्हणून कस्तुरचंद पार्कवर जुन्या गाड्यांचा मेळावा होता तिथं गेलो.

मॉरिस होत्या, ऑस्टिन होत्या. मी मात्र एका फियाटपाशीच उभा राहिलो. इलेव्हन हंड्रेड डिलाइट, आबांच्या गाडीसारखीच दुधी. मालकांनी बसू दिलं. स्टिअरिंगखालचा गिअर डाव्या हाताला न शोधता सापडला. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 2021 च्या नियमांनी ‘व्हीए’ची वेगळी नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीला 20 हजार लागतात, असं ते सांगत होते. आपलीही बसली असती त्यात. तुझ्या फीसाठी ती विकली, त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. माझा मुलगा इंजिनं डिझाइन करतो, हे तिथं तीन अनोळखी माणसांना सांगून आलो.

मे महिन्यात अमरावतीला जाताना कोंढाळीपाशी ती बंद पडायचीच. इंजिनाच्या आणि उन्हाच्या तापानं नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची. आबा बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि आपण सगळे कडुलिंबाखाली अर्धा तास बसायचो. तू चार वर्षांचा. फडक्यावर सुरईतलं पाणी मीच ओतणार म्हणून भांडायचास.

तुझी गाडी थांबत नाही रे. समृद्धीवर 120 नी सरळच सरळ जायचं, समोर काही बदलत नाही, आणि पहाटे तीनला डोळा लागतो तो लागताना कळत नाही. बंडूकाकाला तरी कुठं कळला? दोन तास झाले की उतरायचं, तोंडावर पाणी मारायचं, वीस मिनिटं झोपायचं. टायरची हवा तपासल्याशिवाय...

पुन्हा भाषण झालं. माफ कर. दारात आवाज चढवला, त्याचीही माफी. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये.

फियाटवाल्यांचं कार्बोरेटर नीट लागत नाही. दिवाळीला मुलगा आला की बघेल, असं मी परस्पर कबूल करून बसलोय. ये. पण सकाळी निघून ये, एक सुट्टी जास्त पडली तरी चालेल.

तुझा,
बाबा