'आजचे कार्यक्रम' परत सुरू करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आपण पुण्यातल्या महोत्सवांवर दोन पानं दिलीत ती वाचली, कात्रण काढून ठेवलंय (सून म्हणते आई मोबाईलवर फोटो काढा ना, पण कात्रण ते कात्रण). लेख छानच होता, पण त्यातलं दीड पान एकट्या सवाईवर (म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवावर), उरलेल्या अर्ध्यात बाकीचं सगळं गाव कोंबलेलं, आणि शेवटी ते नेहमीचं, की आता पूर्वीची मजा राहिली नाही. मला या दोन्हीवर थोडं बोलायचंय आणि एक मागणी पण आहे, ती शेवटी सांगते.

आधी सवाईचंच बोलते, कारण तिथं मी लहानपणापासून जातेय. मी शाळेत असताना सवाई रेणुका स्वरूप शाळेच्या पटांगणावर व्हायचा आणि रात्र रात्र चालायचा. बाबा आम्हा दोघी बहिणींना घेऊन जायचे, बरोबर सतरंजी, दोन शाली, कानटोप्या, थर्मासमधे चहा आणि डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मी दुसऱ्या कलाकारालाच आडवी व्हायचे. पहाटे कधीतरी बाबा खांदा हलवून म्हणायचे, ऊठ, भीमसेन बसलेत. डोळे उघडायच्या आधी कानात तंबोरे यायचे, मग थंडी कळायची, मग शेजारच्या काकांच्या घोंगडीचा वास, आणि मग तो आवाज. त्यांनी काय गायलं ते मला आज विचारलं तर एकही राग सांगता येणार नाही, पण ती घोंगडी आठवते. सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची रेकॉर्ड लावायचे, अख्खा मांडव गप्प, लहान पोरंसुद्धा. बाहेर पडलो की दूधवाले फिरत असायचे आणि पहिली पीएमटी बस सुरू झालेली असायची, त्यामुळे घरी कसं जायचं हा प्रश्नच नसायचा. रात्रभर मैफल चालायची त्यामागे हाही एक हिशेब असणार असं मला आपलं वाटतं, मधेच रात्री एकला संपवलं तर माणसं जाणार कुठं!

आता लोक म्हणतात दहा वाजता बंद म्हणजे काय सवाई राहिला, पण ते काही आयोजकांच्या हौसेनं झालेलं नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही, वर्षातले काही मोजके दिवस बारापर्यंत परवानगी. मग कार्यक्रम दुपारी सुरू व्हायला लागला. दरबारी, मालकंस ऐन मध्यरात्री ऐकायचं सुख गेलं हे खरंच, त्याची हळहळ मलाही आहे. पण त्या बदल्यात मुलतानी, मधुवंती, पटदीप, सारंगाचे प्रकार हे दिवसाचे राग त्यांच्या त्यांच्या वेळेला ऐकायला मिळतात हे कुणीच लिहीत नाही. रात्रभराच्या सवाईत मुलतानी कोण गाणार होतं? आमच्या शेजारच्या एक काकू आहेत, वय ऐंशीच्या वर, रात्रीच्या सवाईला संसारापायी कधी जाता आलं नाही, आता दुपारी रिक्षानं जातात, दोन कलाकार ऐकतात आणि अंधार पडायच्या आत घरी. त्यांना विचारा की मजा राहिली का नाही.

आणि बदलायचंच म्हणाल तर सवाई सारखाच बदलत आलाय की. भीमसेनजींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या, सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केला तेव्हा तो केवढासा होता. पुढे वाढला, रेणुका स्वरूपवरून रमणबाग शाळेत आला, २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळात गेला (तेव्हा सदाशिव पेठेतले लोक असे हळहळले की जणू परदेशी गेला). २००९ साली स्वाइन फ्लूमुळे डिसेंबरचा जानेवारीवर ढकलला, २०११ मधे भीमसेनजी गेले आणि नावात त्यांचं नाव आलं, कोरोनात २०२० आणि २०२१ चा झालाच नाही. पुन्हा उभा राहिला. आता पोरं मोबाईलवर स्टोऱ्या टाकत कॉफी पीत स्टॉलवर उभी असतात हे मलाही आवडत नाही, पण आमच्या वेळी चहाच्या स्टॉलवर उभं राहून गाण्यावर मोठमोठ्यांदा मतं देणारे काका होतेच की, ते काही कमी त्रासाचे नव्हते.

असो, सवाई पुरे. माझी खरी तक्रार त्या उरलेल्या अर्ध्या पानाची आहे.

पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, आपण एक वाक्य दिलंत. संपादक साहेब, पुरुषोत्तम आणि मी एकाच वयाचे, १९६३. कॉलेजात असताना मी बॅकस्टेजला होते, प्रॉपर्टी माझ्याकडे. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभी, पुढच्या मिनिटाला आमच्या म्हाताऱ्यानं कंदील घेऊन एंट्री घ्यायची आणि कंदीलच सापडेना. शेवटी तो नुसता हात वर धरून गेला, आणि प्रेक्षकांतून आमचीच पोरं ओरडली, अंधार पडला रे! दुसऱ्या कॉलेजचा माणूस ओरडला असता तर एवढं लागलं नसतं. बाहेर ते 'अरे आव्वाज कुणाचा' चालू, घसा बसेपर्यंत. मराठी नाटक, सिरीयल, सिनेमातले निम्मे लोक याच विंगेतून बाहेर पडलेत म्हटलं तरी फार चुकणार नाही. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही, त्यावर आमच्या घरात जेवताना दोन तट पडले होते, जावई एका बाजूला आणि मी एका बाजूला. कॉलेजच्या पोरांच्या स्पर्धेवरून घराघरात भांडणं होतात, असं अजून कुठल्या गावात होत असेल? त्याला एक वाक्य?

फिरोदिया करंडक ही कॉलेजांची दुसरी स्पर्धा, तिचं तर नावसुद्धा नव्हतं. एकाच तासात नाटक, गाणं, नाच, बाजूला कुणीतरी मातीचं मुंडकं घडवतंय, कुणी मोठ्या कॅनव्हासवर चित्र रंगवतंय, आणि ते सगळं गोष्टीत बसलं पाहिजे, नुसतं ठिगळ नको. माझा भाचा त्यात शिल्पवाला होता. महिनाभर घरात शाडू, बाथरूममधे शाडू, बहीण नुसती चिडलेली. पंधरा मिनिटांत चेहरा उभा करायची प्रॅक्टिस करायचा, माझंच तोंड समोर धरून. एकदा नाक गळून पडलं तर म्हणतो मावशी हलू नकोस, जणू मीच पाडलं.

आणि हे सगळं काही आज उपटलेलं नाही. या गावाला गर्दी करून काहीतरी ऐकायची सवयच फार जुनी आहे. वसंत व्याख्यानमाला १८७५ ची, न्यायमूर्ती रानड्यांची, अजून टिळक स्मारकात उन्हाळ्यात चालते. सार्वजनिक गणपती आले आणि मागोमाग मेळे आले, पोरंपोरी एकसारखे कपडे घालून पदं म्हणत चौकाचौकातून फिरायची. माझी आजी सांगायची की मेळ्यातली पदं तिच्या भावाला कॉलेजच्या पुस्तकापेक्षा जास्त पाठ होती. मेळे गेले, देखावे आले, १९८९ पासून गणपतीतच पुणे फेस्टिव्हल आला, हेमामालिनीची गणेशवंदना बघायला आमच्या सासूबाई पहिल्या वर्षी नवीन पातळ नेसून गेल्या होत्या. कुणाला ते फार झगमगीत वाटतं, वाटू दे.

सिनेमाचं म्हणाल तर प्रभात फिल्म कंपनी १९३३ ला कोल्हापूरहून इथं आली, त्याच जागेत १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट झालं, १९६४ ला फिल्म अर्काइव्ह, म्हणजे २००२ ला पिफ (पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) सुरू झाला तेव्हा सिनेमा बघणारं गाव तयारच होतं. तिथल्या लायनीत एकदा माझ्यापुढे एक रिटायर्ड गृहस्थ होते, शबनममधे सफरचंद आणि चाकू, दिवसाला पाच सिनेमे, मधल्या वेळात सफरचंद. इराणचा कसा होता विचारलं तर म्हणाले, त्यांच्याकडे पण म्हातारे आपल्यासारखेच चिडके असतात.

मग वसंतोत्सव, गायक वसंतराव देशपांड्यांच्या नातवानं, राहुल देशपांड्यांनी चालवलेला, तिथं एकाच स्टेजवर ख्याल पण आणि पाहुण्यांचं पार वेगळंच संगीत पण. पाडव्याच्या सुमाराला दगडूशेठचा संगीत महोत्सव, फुकट, चपला काढून बसायचं. दिवाळी पहाट तर आता प्रत्येक बागेत. रोहिणीताई भाट्यांनी या गावात कथक रुजवलं त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांचे कार्यक्रम वर्षभर चालू असतात. आणि बालगंधर्व रंगमंदिराचा वाढदिवस, २६ जूनचा, आपण पार विसरलात. त्या रंगमंदिराचं भूमिपूजन १९६२ ला खुद्द बालगंधर्वांच्या हातून झालं आणि १९६८ ला उद्घाटन झालं तेव्हा ते नव्हते, आदल्याच वर्षी गेले. वर्धापनदिनाला तिथं लावणी असते, लोककला असते, ऑर्केस्ट्रा असतो, आणि वर्षभर पडद्यामागे राबणारी माणसं त्या दिवशी खुर्चीत बसून बघतात. सवाईला जाणारे बरेच जण तिकडे फिरकत नाहीत हे मी बघितलंय. मी दोन्हीकडे जाते, लावणीला शिट्टी वाजवता येत नाही एवढंच दुःख.

आता मागणी. पूर्वी आपल्याच पेपरात आतल्या पानावर 'आजचे कार्यक्रम' म्हणून एक कॉलम यायचा, बारीक टायपात, कार्यक्रम, जागा, वेळ, बस्स. बाबा चहा पिताना पेन्सिलीनं त्यावर खुणा करायचे, जायचं त्यावर बरोबर, बघू त्यावर टिंब. तो कॉलम कधी गेला कळलंच नाही, एक दिवस बघितलं तर तिथं प्लॉटची जाहिरात. आता काय होतं, तर कार्यक्रमाची पत्रिका कुठल्यातरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते, शंभर गुड मॉर्निंगच्या खाली, आणि ज्याच्या ग्रुपवर नाही आली त्याला कळतच नाही. भाच्याची फिरोदियाची फायनल होती, त्यानं सांगितलेली तारीख मी उलटीसुलटी ऐकली, मग दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याच पेपरात फोटो, मातीचं मुंडकं आणि शेजारी घामाघूम भाचा. नाक शाबूत होतं. कार्यक्रम झाल्यावर आपण चार कॉलमी फोटो छापता, मग आदल्या दिवशी चार ओळी छापायला काय हरकत आहे?

डिसेंबर-जानेवारीत तर एकाच संध्याकाळी चार ठिकाणी चार कार्यक्रम. गेल्या जानेवारीत मी एका हॉलच्या दारात उभी राहून ठरवत होते की आत जाऊ का रिक्षा करून दुसरीकडे, आणि शेवटी कुठंच नाही, कारण रिक्षावाला म्हणाला, आजी, तिकडचं तर काल झालं. वर्षाचं नाही तर निदान महिन्याचं एक वेळापत्रक छापलंत, आयोजकांना म्हणालात की बाबांनो आमच्याकडे आधी कळवा, तर त्यांच्या त्यांच्यातही तारखा एकमेकांवर पडणार नाहीत. त्यात शेवटची बस किती वाजता एवढं पण टाकलंत तर माझ्यासारख्या धनकवडीच्या लोकांवर उपकार होतील, कारण रात्री दहाला मांडवातून सगळेच एकदम बाहेर पडतात आणि मीटरनं यायला कुणी तयार नसतं.

टाईप कितीही बारीक ठेवा, भिंग आहे घरात. पेन्सिल पण आहे.

आपली,
एक जुनी वाचक
धनकवडी, पुणे