मोजे काढायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पहिल्यांदा मला तपासायला घरी आलात तेव्हा मी सवयीने हात पुढे केला. पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, म्हटलं की जो तो थरथरणारा हातच बघतो. तुम्ही म्हणालात, "काका, आधी मोजे काढा," आणि चक्क फरशीवर बसलात. नखं इतकी वाढलेली की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाकता येत नव्हतं आणि हिला सांगायची लाज. तुम्ही काही न बोलता नेलकटर मागितलंत, नखं सरळ कापलीत, कोपरे आत कोरले नाहीत.

स्वारगेट डेपोतून ३१ वर्षं एसटी काढली मी. क्लच-ब्रेकवरचे हे पाय पहाटे दगा द्यायचे. डाव्या पायाची बोटं आत वळायची, अंगठा मात्र ताठ वर, पोटरीत गोळा. मी समजायचो वात आला. एके ठिकाणी तर "वय झालं आता" म्हणून माझी बोळवण झाली होती. रात्रीच्या गोळीचा असर पहाटेपर्यंत उतरतो म्हणून असं होतं, हे तुमच्याकडून कळलं. न्यूरॉलॉजिस्टना सांगाच, हा आग्रहही तुमचा. त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या.

आता उठल्यावर पलंगावरच पाय लांब करतो, तळव्याला पंचा अडकवून हळूहळू अंगाकडे ओढतो. झटका नाही. ३० आकडे मोजायचे. मग भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला. टाच उचलली की ही स्वयंपाकघरातून ओरडते. तिला तिथून दिसतं कसं, देव जाणे!

फरशीला चिकटणाऱ्या रबरी स्लीपर गेल्या, मागे पट्टा असलेल्या सँडल आल्या.

"जागच्या जागी वळू नका," म्हणालात तेव्हा मात्र हसू आलं. कात्रजच्या घाटात गाडी वळवणाऱ्याला हे सांगायचं? पण घरात मी टाचेवर गर्रकन फिरायचो आणि धडपडायचो, हेही खरं. आता जेवणाच्या टेबलाला मोठा वळसा घालतो. दारात पाय खिळले की नात "टिंग टिंग" करते. डबल बेल मिळाली की गाडी हलणारच. पाऊल उचलतं!

परवा सारसबागेत गणपतीपर्यंत चालत गेलो. घरी येऊन तळवे बघितले, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या. डाव्या टाचेला बारीकशी भेग दिसतेय. बुधवारी याल तेव्हा दाखवतो.

तुमचा,
डबल बेलवाला काका