मानेला हात लावण्याआधी एक्स-रे मागितलात, त्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या आम्हा फिजिओथेरपिस्टांना तुम्ही कायरोप्रॅक्टर (मणक्यांवर-सांध्यांवर हाताने उपचार करणाऱ्या) म्हणून संधिवाताच्या रुग्णांबाबत जे शिकवलंत, त्याचे आभार मानायला हे पत्र. उघड लिहितोय, कारण रुग्णांच्या घरच्यांनीही ते वाचायला हवं.

सगळ्यात मोठं ऋण मानेचं. आमवातात (रुमॅटॉइड आर्थरायटिसमध्ये) मानेच्या वरच्या दोन मणक्यांना धरून ठेवणारा अस्थिबंध सैल पडू शकतो. अशा मानेला झटका दिला तर मणका सरकून मज्जारज्जू दाबला जाण्याची भीती असते. हातपाय लुळे पडू शकतात. म्हणून आमवाताच्या रुग्णाची मान तुम्ही कधीच झटक्याने फिरवली नाहीत. डोक्याच्या मागे दुखतं का, हातांना मुंग्या येतात का, ब्लाउजचे हुक लावताना बोटं अडखळतात का, चालताना तोल जातो का, हे आधी विचारलंत. शंका आली की बाजूने काढलेला एक्स-रे, त्यात मान रुग्णाला स्वतःहून वाकवता येईल तेवढीच. पहिला मणका आणि दुसऱ्या मणक्याची वर आलेली खुंटी यांतलं अंतर 3 मिलिमीटरच्या वर दिसलं की थेट तज्ज्ञांकडे चिठ्ठी.

सलूनमध्ये कटकन मान मोडून घ्यायची सवय आपल्याकडे फार. तो आवाज सांध्यातल्या द्रवात तयार होणाऱ्या वायूच्या पोकळीचा, हाड जागेवर बसल्याचा नाही, हे तुम्ही प्रत्येकाला समजावलंत. मणके एकमेकांना जुळून कणा ताठ झालेल्यांना तर झटका नकोच. ती हाडं ठिसूळ असतात, मोडतात.

बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांची चौकशी तुम्ही न चुकता करायचात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत दुखणं पळतं, पण महिनोन् महिने घेतल्यावर चेहरा गोल सुजतो आणि हाडं पोकळ होतात. अशी पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायची, हे आम्ही आता सगळ्यांना सांगतो.

सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटला तर बहुधा सांध्याची झीज. तासाभराहून जास्त राहिला आणि दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजली असतील तर रक्ततपासणी आणि संधिवाततज्ज्ञ. एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय; त्या सांध्याला मालिशसुद्धा नाही.

झिजलेली कूर्चा (सांध्यातली गादी) हाताच्या उपचाराने परत येत नाही, हे तुम्ही रुग्णाला तोंडावर सांगितलंत. कंबर आणि खुबा हलक्या दाबाने मोकळे करून दिलेत, गुडघ्याचं काम मात्र मांडीच्या स्नायूंवर सोपवलंत. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, 5 सेकंद धरायचा, प्रत्येक पायाने 10 वेळा, दिवसातून दोनदा. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं 2 तासांनीही कमी झालं नाही तर दुसऱ्या दिवशी संख्या निम्मी.

काठीचं तर आमच्याही नजरेतून सुटलं होतं! उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. मूठ मनगटाच्या रेषेइतकी उंच, हात बाजूला सोडून उभं राहून मोजायची.

निंदणीला उकिडवं बसण्याऐवजी जमेल तिथे उभ्याने ढकलायचं सायकल कोळपं, पुरणाचे मांडे भाजायचं खापर जमिनीवरच्या चुलीऐवजी ओट्याच्या उंचीवर, झोळ पडलेल्या बाजेऐवजी गुडघ्याइतकी उंच, टणक बैठक, संडासात कमोडची खुर्ची. हे सगळं तुम्ही घरात जाऊन पाहिलंत, म्हणून ते लोकांनी केलं.

एक विनंती. पुढच्या खेपेला कापूस वेचणीच्या दिवसांत याल तर वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवा. दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाया दुपारी येऊच शकत नाहीत, आणि कंबर-मानेची सर्वाधिक तपासणी त्यांचीच राहिली आहे.

तुमचे,
खानदेशातले फिजिओथेरपिस्ट